जुन्या संगणकावर अ‍ॅपइमेज चालवणे आणि स्वतः बांधणे

सायबरएज योजनेत विद्यार्थ्यांना मिळालेले संगणक गोव्यातल्या कितीतरी घरांत आजही कपाटात पडून आहेत. विंडोजची नवी आवृत्ती त्यांना पेलत नाही, पण पपी लिनक्स किंवा अँटीएक्ससारखी हलकी कार्यप्रणाली टाकली की तेच संगणक लेखन, हिशेब आणि वाचनाची कामे नीट करू लागतात. सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात असे दोन संगणक आहेत आणि दोघांचीही रॅम दोन जीबी आहे. अडचण येते ती पावसाळ्यात. जुलैमध्ये इंटरनेट तीन-तीन दिवस बंद राहते आणि ऐन गरजेच्या वेळी नवे सॉफ्टवेअर उतरवून घेता येत नाही. म्हणून पणजीला किंवा फोंड्याला गेलेल्या माणसाने पेनड्राइव्हवर एक फाइल आणावी आणि ती इथे तशीच चालावी, अशी सोय आम्हाला हवी होती. अ‍ॅपइमेज ही ती सोय. लिनक्सची तोंडओळख झालेल्या, पण टर्मिनलसमोर अजून बिचकणाऱ्या वाचकासाठी हा लेख लिहीत आहे.

एक खुलासा आधीच करतो. कमांड रोमन अक्षरांतच टंकाव्या लागतात. इथे मी त्या देवनागरीत, गरज तिथे अक्षरे सुटी करून देत आहे. प्रत्येक अक्षराच्या जागी त्याच उच्चाराचे रोमन अक्षर टंकावे.

नेहमीच्या पद्धतीने एखादे सॉफ्टवेअर बसवले की त्याच्या फाइली प्रणालीत ठिकठिकाणी विखुरतात. मुख्य प्रोग्राम एका फोल्डरमध्ये, त्याला लागणारी लायब्ररी (प्रोग्रामांना वापरता येणारा तयार कोड) दुसऱ्यात, चित्रे आणि भाषांतरे तिसऱ्यात. अ‍ॅपइमेजमध्ये हे सगळे एकाच फाइलीत असते. फाइलीच्या सुरुवातीला रनटाइम नावाचा छोटा प्रोग्राम असतो आणि त्याच्या मागे स्क्वॅशएफएस या पद्धतीने दाबून बसवलेली, फक्त वाचता येणारी फाइलप्रणाली जोडलेली असते. आपण फाइल उघडली की रनटाइम फ्यूज या यंत्रणेच्या मदतीने तो मागचा भाग टेम्प फोल्डरमध्ये तात्पुरता जोडतो, त्यातला अ‍ॅपरन नावाचा प्रोग्राम सुरू करतो आणि काम संपताच जोडणी सोडवतो. संगणकावर काहीही ‘बसवले’ जात नाही. फाइल पुसली की सॉफ्टवेअर गेले. सायमन पीटर यांनी २००४ मध्ये ‘क्लिक’ या नावाने हा प्रयत्न सुरू केला आणि २०१३ पासून तो अ‍ॅपइमेज या नावाने ओळखला जातो. पपी वापरणाऱ्यांना स्क्वॅशएफएस नवे नाही, कारण पपीच्या एसएफएस फाइली त्याच जातीच्या आहेत.

मात्र ‘सगळे एका फाइलीत’ हे शब्द शब्दशः घेऊ नयेत. पायी वारीला निघालेला माणूस शिधा बरोबर बांधून घेतो, चूल मात्र मुक्कामाच्या गावची असते. अ‍ॅपइमेजचेही तसेच आहे. प्रोग्राम आणि त्याच्या खास लायब्ररी हा तिचा शिधा. कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, जीलिबसी ही मूळ सी लायब्ररी, पडद्यावर चित्र उमटवणारे ग्राफिक्स ड्रायव्हर, फॉन्ट आणि कळफलक ही चूल. मला आजवर आलेल्या अडचणींपैकी बहुतेक सगळ्या चुलीच्या बाजूच्या होत्या, म्हणून पुढची प्रत्येक पायरी वाचताना ही विभागणी डोळ्यांसमोर ठेवावी.

चालवण्यापूर्वी

सर्वप्रथम आपली प्रणाली किती बिटची आहे ते पाहावे. टर्मिनल उघडून यू-एन-ए-एम-ई, मग एक अंतर, मग उणे चिन्ह आणि त्याला जोडून एम असे टंकून एंटर दाबावे. उत्तरात ‘एक्स ८६’ आणि पुढे ‘६४’ आले तर प्रणाली ६४ बिटची. ‘आय ६८६’ आले तर ३२ बिटची. अँटीएक्स आणि काही पपी अजूनही ३२ बिटमध्ये मिळतात, पण आज बाहेर पडणाऱ्या बहुतेक अ‍ॅपइमेज ६४ बिटच्याच असतात आणि त्या ३२ बिटच्या प्रणालीवर कोणत्याही युक्तीने चालत नाहीत. प्रोसेसर ६४ बिटचा असूनही कोणीतरी पूर्वी ३२ बिटची प्रणाली टाकून ठेवलेली असते, असे पुष्कळदा आढळते. तसे असल्यास आधी प्रणाली बदलावी.

मग जीलिबसीची आवृत्ती पाहावी. एल-डी-डी, अंतर, दोन उणे चिन्हे आणि त्यांना जोडून ‘व्हर्जन’ असे टंकले की पहिल्याच ओळीत आकडा दिसतो. उबंटू २०.०४ च्या पायावर उभ्या असलेल्या फोसापप ६४ या पपीमध्ये तो २.३१ आहे, तर डेबियन १२ च्या पायावरच्या प्रणालींत २.३६. अ‍ॅपइमेज ज्या प्रणालीवर बांधली तिच्याहून आपली जीलिबसी जुनी असेल, तर ‘जीलिबसी २.३४ सापडली नाही’ अशा अर्थाचा संदेश येऊन प्रोग्राम उघडतच नाही. अशा वेळी प्रणालीतली जीलिबसी हाताने बदलण्याच्या भानगडीत अजिबात पडू नये, कारण सारी प्रणाली तिच्यावरच उभी असते. त्या प्रोग्रामची थोडी जुनी अ‍ॅपइमेज शोधणे हाच सुरक्षित उपाय. अल्पाइनसारख्या काही हलक्या प्रणालींत जीलिबसीऐवजी मसल नावाची लायब्ररी असते; तिथे बहुतेक अ‍ॅपइमेज चालत नाहीत, हेही ध्यानात असावे.

फाइल नेहमी प्रोग्राम बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी. लिबरऑफिस, क्रिटा, इंकस्केप, केडेनलाइव्ह, म्युझस्कोर हे सगळे अधिकृतपणे अ‍ॅपइमेज देतात. लिबरऑफिसच्या अनेक अ‍ॅपइमेज असतात आणि त्यांतल्या ‘फुल’ या आवृत्तीत सर्व भाषा येतात, तेव्हा मराठी मेनू हवा असेल त्याने तीच घ्यावी. संकेतस्थळावर एसएचए २५६ ची बेरीज (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) दिलेली असेल तर ‘एसएचए२५६सम’ ही कमांड फाइलीवर चालवून ती ताडून पाहावी. डळमळीत जोडणीवर उतरवलेली मोठी फाइल अर्धवट राहिलेली असते आणि दोष मात्र प्रोग्रामला दिला जातो.

चालवणे

उतरवलेल्या फाइलीला प्रोग्राम म्हणून चालण्याची परवानगी नसते, ती आपण द्यायची. फाइलवर उजवी कळ दाबून गुणधर्मांच्या खिडकीत परवानग्यांखाली ‘चालवण्याची परवानगी’ या अर्थाच्या चौकटीत खूण करावी. टर्मिनलमधून करायचे असेल तर सी-एच-एम-ओ-डी, अंतर, अधिक चिन्ह आणि त्याला जोडून एक्स, अंतर आणि फाइलचे नाव टंकावे. त्यानंतर दोनदा क्लिक केले की प्रोग्राम उघडायला हवा.

खूण करूनही ती टिकत नसेल, म्हणजे खिडकी बंद करून पुन्हा उघडली की चौकट रिकामीच दिसत असेल, तर फाइल कुठे ठेवली आहे ते पाहावे. पेनड्राइव्ह साधारणपणे फॅट ३२ किंवा एक्सफॅट पद्धतीने सजवलेले (फॉरमॅट केलेले) असतात आणि त्या पद्धतीत लिनक्सच्या परवानग्या नोंदवायला जागाच नसते. नवख्या माणसाचा पहिला अर्धा दिवस हमखास यातच जातो. फाइल संगणकाच्या डिस्कवर उतरवून घ्यावी, किंवा पेनड्राइव्ह फक्त लिनक्ससाठीच वापरायचा असेल तर तो ईएक्सटी ४ पद्धतीने नव्याने सजवावा. सजवताना आतला सगळा मजकूर पुसला जातो, हे विसरू नये.

पपीत फाइल ठेवण्याची जागा विचारपूर्वक निवडावी लागते. पपी रॅममध्ये चालते आणि आपले बदल एका बचत-फाइलीत साठवते. त्या फाइलीचा आकार ठरलेला असतो आणि शेकडो एमबीच्या दोन-तीन अ‍ॅपइमेज तिच्यात टाकल्या की ती भरून जाते. म्हणून त्या ‘एमएनटी’ फोल्डरखालच्या ‘होम’ या जागी ठेवाव्यात. ती प्रत्यक्ष डिस्क असते आणि बचत-फाइलीवर तिचा भार पडत नाही. तिथूनच चिन्ह ओढून डेस्कटॉपवर ठेवले की रोजच्या वापराला पुरते.

प्रोग्राम काहीही न बोलता गप्प राहिला, तर तो टर्मिनलमधून चालवून पाहावा. बिंदू, तिरपी रेघ आणि त्यांना जोडून फाइलचे नाव. संदेशात ‘लिबफ्यूज डॉट एसओ डॉट २’ असा उल्लेख आला तर जुन्या पिढीच्या रनटाइमला हवी असलेली फ्यूजची दुसरी आवृत्ती आपल्याकडे नाही असे समजावे. उबंटू २२.०४ पासून ती आपोआप येत नाही. तिचे पॅकेज ‘लिबफ्यूज२’ या नावाचे आहे, तर उबंटू २४.०४ मध्ये त्याच नावाला पुढे ‘टी६४’ जोडलेले आहे. इथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे: नावात नुसते ‘फ्यूज’ असलेले पॅकेज बसवू नये, कारण नव्या प्रणालीवर ते बसवताना फ्यूजची तिसरी आवृत्ती आणि तिच्यावर अवलंबून असलेले डेस्कटॉपचे भाग काढून टाकले जाऊ शकतात. लिबफ्यूज मिळवण्याइतकेही इंटरनेट नसेल, तर अ‍ॅपइमेजच्या नावापुढे अंतर सोडून दोन उणे चिन्हे आणि ‘अ‍ॅपइमेज-एक्स्ट्रॅक्ट’ असे लिहून चालवावे. तिच्यातला सगळा ऐवज ‘स्क्वॅशएफएस-रूट’ या फोल्डरमध्ये उलगडतो आणि तिथली अ‍ॅपरन ही फाइल थेट चालवता येते. जागा जास्त लागते, पण फ्यूजची गरज उरत नाही. आमचा पपीवाला संगणक एक अख्खा पावसाळा असाच चालला.

पपीत आपण मुळातच रूट, म्हणजे सर्व अधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून वावरतो आणि क्रोमियम या ब्राउझरच्या पायावर बांधलेले प्रोग्राम रूटखाली उघडायला नकार देतात. त्यांच्यापुढे ‘नो-सँडबॉक्स’ हा पर्याय जोडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने प्रोग्राम उघडतो, पण त्याचे संरक्षक कुंपण निघून जाते. इंटरनेटवर जाणाऱ्या प्रोग्रामसाठी मी तो सल्ला देणार नाही. पपीत ‘स्पॉट’ नावाचा मर्यादित अधिकारांचा वापरकर्ता याच कामासाठी आहे, त्याच्या नावे तो चालवावा. अ‍ॅपइमेज स्वतःहून कोणतेही कुंपण घालत नाही, हेही इथेच सांगितले पाहिजे.

आता मराठीविषयी. वाचनालयात पहिल्यांदा लिबरऑफिसची अ‍ॅपइमेज उघडली, तेव्हा प्राथमिक शाळेच्या बाईंनी आणलेल्या कागदपत्रात प्रत्येक अक्षराच्या जागी एक रिकामी चौकट उभी होती. ओळीच्या ओळी चौकटींच्या. ‘फाइल बिघडली का हो?’ असे त्यांनी काळजीने विचारले. फाइल व्यवस्थित होती. त्या पपीत देवनागरी फॉन्टच नव्हता. लोहित देवनागरी किंवा नोटो सॅन्स देवनागरी यांपैकी एकाची टीटीएफ फाइल आपल्या होम फोल्डरमध्ये ‘डॉट फॉन्ट्स’ नावाचा फोल्डर करून त्यात ठेवावी, एफ-सी, जोडरेघ, सी-ए-सी-एच-ई ही कमांड चालवावी आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडावा. बाईंची अक्षरे पाच मिनिटांत जागेवर आली.

टंकलेखनाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. आयबस या भाषा-टंकनाच्या साधनावरून मराठी टंकणाऱ्यांना असा अनुभव येतो की बसवलेल्या प्रोग्राममध्ये मराठी उमटते आणि अ‍ॅपइमेजमध्ये मात्र इंग्रजीच येते. आयबसशी बोलणारा जोडभाग पॅकेजमध्ये घातलेला नसणे हे त्याचे कारण. अशा वेळी कळफलक एक्स या चित्रप्रणालीच्या पातळीवरच बदलावा: ‘सेटएक्सकेबीमॅप’, अंतर, आय-एन, अंतर, उणे चिन्हाला जोडून ‘व्हेरियंट’, अंतर, आणि एम-ए-आर, जोडरेघ, के-ए-जी-ए-पी-ए. ही मराठीची उच्चारानुसारी मांडणी आहे आणि ती कोणत्याही मध्यस्थावाचून चालत असल्याने अ‍ॅपइमेजमध्येही लागू पडते. परत इंग्रजीवर येण्यासाठी तीच कमांड यू-एस एवढ्याच नावाने द्यावी. दोन्हींसाठी डेस्कटॉपवर दोन चिन्हे करून ठेवली की सोय होते.

प्रोग्रामची मांडणी आणि पसंतीसुद्धा पेनड्राइव्हबरोबर फिरवायची असेल, तर अ‍ॅपइमेजच्या शेजारी तिच्याच पूर्ण नावाचा आणि शेवटी ‘डॉट होम’ जोडलेला फोल्डर करावा. तो असला की प्रोग्राम त्यालाच आपले घर समजतो.

रोजच्या वापरातले जे प्रोग्राम प्रणालीच्या भांडारात मिळतात, ते तिथूनच बसवावेत असे माझे मत आहे. अ‍ॅपइमेज आपल्या लायब्ररी स्वतः घेऊन येते, त्या इतर प्रोग्रामांशी वाटून घेतल्या जात नाहीत, आणि दोन जीबी रॅमवर दोन मोठ्या अ‍ॅपइमेज एकदम उघडल्या की तो भार जाणवतो. दाबलेला मजकूर उलगडण्यात पहिल्या वेळी थोडा उशीरही होतो.

स्वतः बांधणे

वाचनालयातल्या पुस्तकांची यादी आमच्याकडे साध्या मजकूर-फाइलीत आहे. प्रत्येक ओळीत दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक आणि कपाट. तिच्यात शोध घेणारी एक छोटी शेल स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल, आम्ही लिहिली आणि तिचीच अ‍ॅपइमेज केली. शिकण्यासाठी एवढे लहान काम पुरेसे आहे. स्क्रिप्ट शोधशब्द विचारते, ‘ग्रेप’ या शोधणाऱ्या कमांडने तो शब्द असलेल्या ओळी काढते आणि ‘याड’ या साधनाने खिडकीत दाखवते. टर्मिनलमध्येच का दाखवू नये, असे कोणी विचारेल. पपीतल्या टर्मिनलमध्ये देवनागरी जोडाक्षरे मोडून दिसतात, म्हणून. आणखी एक बारकावा मराठीचाच आहे. ‘कादंबऱ्या’ या शब्दातला अर्धा र दोन वेगवेगळ्या प्रकारे टंकता येतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण ग्रेपला ते दोन वेगळे शब्द वाटतात आणि समोर असलेले पुस्तक सापडत नाही. स्क्रिप्टमध्ये आधी एक रूप दुसऱ्यात बदलून घ्यावे.

बांधणीला सुरुवात करताना ‘ग्रंथशोध डॉट अ‍ॅपडिर’ असा फोल्डर करावा. नाव अर्थात रोमनमध्ये. त्यात यूएसआर आणि त्याच्या आत बिन असे फोल्डर करून स्क्रिप्ट तिथे ठेवावी. अ‍ॅपडिरच्या अगदी वरच्या पातळीवर तीन गोष्टी लागतात: डेस्कटॉप फाइल, चिन्हाचे पीएनजी चित्र आणि अ‍ॅपरन. डेस्कटॉप फाइलीत टाइप, नेम, एक्झेक, आयकॉन आणि कॅटेगरीज या ओळी असाव्यात. नेमच्या पुढे चौकटी कंसात एम-आर लिहून मराठी नावाची वेगळी ओळ देता येते आणि ती अवश्य द्यावी. आयकॉनच्या ओळीत चित्राचे नाव शेवटच्या ‘डॉट पीएनजी’शिवाय लिहायचे असते. कॅटेगरीजमध्ये मनाने रचलेला शब्द चालत नाही. ‘ऑफिस’ किंवा ‘युटिलिटी’ असा मान्य शब्द घालावा आणि शेवटी अर्धविराम द्यावा.

अ‍ॅपरन ही दोन-तीन ओळींची स्क्रिप्ट असते. आपण स्वतः कोणत्या फोल्डरमध्ये आहोत हे ती शोधते आणि तिथून आतली मुख्य स्क्रिप्ट सुरू करते. तिच्यात पक्का मार्ग कधीही लिहू नये, कारण पॅकेज जोडले जाण्याची जागा दर वेळी नवी असते. रनटाइम ती ‘अ‍ॅपडिर’ या चलात (व्हेरिएबलमध्ये) कळवतो, पण स्वतः शोधून काढणे अधिक भरवशाचे, कारण उलगडलेल्या फोल्डरमधूनही मग ती चालते. अ‍ॅपरन आणि मुख्य स्क्रिप्ट या दोन्हींना चालण्याची परवानगी द्यावी.

मग ‘अ‍ॅपइमेजटूल’ मिळवावे, जे स्वतःच एक अ‍ॅपइमेज आहे. आधी ‘ए-आर-सी-एच’ या चलात ‘एक्स८६_६४’ ही किंमत देऊन त्याच ओळीत अ‍ॅपइमेजटूलचे नाव आणि आपल्या अ‍ॅपडिरचे नाव लिहावे. आमच्यासारखी नुसती स्क्रिप्ट असेल तर कोणत्या प्रोसेसरसाठी बांधायचे हे साधनाला स्वतःहून उमगत नाही, म्हणून हे चल द्यावेच लागते. अ‍ॅपस्ट्रीमची, म्हणजे सॉफ्टवेअर-भांडारांसाठीच्या वर्णनाची, माहिती नाही असा इशारा येईल. घरगुती वापरासाठी तो सोडून द्यावा. साधनाची नवी आवृत्ती बांधणीच्या वेळी रनटाइम इंटरनेटवरून उतरवते. म्हणून जोडणी असतानाच रनटाइमची फाइल वेगळी घेऊन ठेवावी आणि बांधताना ‘रनटाइम-फाइल’ या पर्यायाने तिचा मार्ग द्यावा, म्हणजे पाऊस लागला तरी काम अडत नाही.

माझी मोठी चूक झाली ती पुस्तकांच्या यादीबाबत. मी यादी पॅकेजच्या आतच ठेवली. शोध सुंदर चालला; पण नव्या पुस्तकाची नोंद करताच ‘फाइलप्रणाली फक्त वाचनासाठी आहे’ असा संदेश आला आणि तेव्हा कुठे मला स्क्वॅशएफएसचा खरा अर्थ कळला. जे बदलणार आहे ते पॅकेजच्या बाहेर असायला हवे. रनटाइम ‘अ‍ॅपइमेज’ या चलात मूळ फाइलीचा पूर्ण मार्ग देतो; त्यावरून तिचा फोल्डर काढून यादी तिच्या शेजारी ठेवली, आणि आता पेनड्राइव्हवर अ‍ॅपइमेज आणि यादी जोडीने फिरतात.

याड आम्ही आत घातले नाही. ते घालायचे तर खिडक्या आणि बटणे काढणाऱ्या जीटीकेच्या सगळ्या लायब्ररी घालाव्या लागल्या असत्या, आणि आमच्या दोन्ही संगणकांवर ते आधीपासून आहे. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ते आहे की नाही हे तपासून, नसल्यास स्पष्ट मराठी संदेश देण्याची सोय मात्र केली आहे. सी किंवा सी++ मधला प्रोग्राम असेल तर लायब्ररी हाताने गोळा करू नयेत; ‘लिनक्सडिप्लॉय’ हे साधन प्रोग्रामला काय काय लागते ते शोधून योग्य तेवढे अ‍ॅपडिरमध्ये उचलून ठेवते आणि जीलिबसी, ग्राफिक्स ड्रायव्हर असे जे चुलीच्या बाजूचे आहे ते बाहेर ठेवते. असा प्रोग्राम नेहमी आपल्याजवळच्या सर्वांत जुन्या प्रणालीवर संकलित (कंपाइल) करावा. जुन्या जीलिबसीवर बांधलेले नव्यावर चालते, उलटे होत नाही.

तयार झालेली फाइल बांधलेल्या संगणकावर चालली म्हणून ती लगेच इतरांना वाटू नये. दुसऱ्या प्रणालीवर, इंटरनेट काढून, नव्या वापरकर्त्याच्या खात्यातून ती एकदा चालवून पाहावी. फाइलच्या नावात आवृत्तीचा आकडा घालावा आणि आधीची आवृत्ती महिनाभर तरी पुसू नये. आमच्या पेनड्राइव्हवर ग्रंथशोधच्या सध्या दोन आवृत्त्या आहेत आणि शेजारच्या गावातले वाचनालय चालवणारे काका गेल्या आठवड्यात त्यांतली नवी घेऊन गेले.